उस्तादांची शीळ

जेवणाच्या सुट्टीत अख्खा कारखाना रंगाच्या खोलीपुढे लोटला होता. पत्रा कापणारे, वेल्डर, ऑफिसातला कारकून, सगळे टाचा उंचावून उभे. आत स्टुलावर माझा धाकटा भाऊ, तोंडावर उस्तादांचा मास्क. त्यानं श्वास आत ओढला आणि मास्कमधून बारीक, लांब शीळ आली.

"आले! उस्ताद आले!" वेल्डरनं हात जोडले.

अंगावर काटा माझ्याही आला, खोटं कशाला बोलू? लोखंडी कपाटं रंगवणारे आमचे उस्ताद काम करताना दिवसभर अशीच शीळ घालायचे. चार महिन्यांपूर्वी एका मोठ्या कपाटाच्या पोटात स्प्रे मारता मारता कोसळले, ते उठलेच नाहीत. त्यांचा मास्क खुंटीवर तसाच राहिला. त्यांच्याच हाताखाली रंगकाम शिकलेल्या भावानं तो आठवण म्हणून घातला, आणि मास्क शीळ घालू लागला. त्या दिवसापासून खोलीत एकटं जायला माणसं कचरत. दुपारी मशिनं बंद झाली की मीसुद्धा कान देऊन ऐकायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

मालकांच्या मेव्हण्यानं एक बाबा आणला. दाढी काळीभोर, भुवया पांढऱ्या; कलप वर पोचायच्या आधीच संपला असावा. "श्वासात गेला, श्वासातच राहिला!" बाबा गरजले. "आत्मा तुमची राखण करतोय. मास्क उघडायचा नाही, धुवायचा नाही, आत्म्याला खोलीबाहेर न्यायचं नाही!" मग झोळीतून अत्तरात भिजवलेला कापूस काढून त्यांनी तो सगळ्यांच्या मास्कमध्ये, फिल्टरच्या डब्यांच्या तोंडाशी कोंबला. "घ्या श्वास! येतोय विषाचा वास?"

"नाही, बाबा! फुलांचा येतोय!"

रंग पातळ करायच्या थिनरचा वास गेला! चमत्कारच की हो! मालक तर खूश. फिल्टर मागायला कोणी स्टोअरला फिरकेना. स्टोअर सांभाळते मी. मी म्हटलं, "फिल्टरच्या डब्या बदलायला झाल्यात." तर कारकून म्हणाला, "ताई, तुम्ही नका नाक खुपसू." आता नाकाचाच तर प्रश्न होता!

घरी मात्र रोज संध्याकाळी भावाचं डोकं ठणकायचं. ताट पुढे ओढावं तर हात थरथरायचा. एका संध्याकाळी तो जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसला आणि मला म्हणाला, "ताई, वरचे दिवे हलतायत का गं?"

दिवे जागच्या जागी होते. आई गेल्यापासून मला हा एकच आहे.

"उद्यापासून तो मास्क घालायचा नाही."

"उस्तादांनी माझा हात धरून मला काम शिकवलं, ताई. आता सोबत करतायत, तर मी त्यांना खुंटीला टांगून ठेवू?"

"अरे, सोबत करतायत की सोबत नेतायत?"

तो उठला. भिंत धरून वर गेला.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत बाबांचा दरबार भरला, तेव्हा मी खुंटीवरचा मास्क काढला आणि खोलीबाहेरच्या बाकावर आणून ठेवला. लोक दचकून मागे सरले. "ताई, उघडू नका!" वेल्डर ओरडला. तरी पुढचं झाकण काढलं. आत श्वास सोडायच्या भोकावर रबराची पातळ चकती असते. बाहेर जाणारा श्वास तिला उचलतो आणि आत घेताना ती भोक बंद करते. ही चकती रंग वाळून कडक झालेली, कडेला मुडपलेली, फट पडलेली.

ती काढून मी स्टोअरमधून आणलेल्या कोऱ्या मास्कमध्ये बसवली, मास्क घातला आणि श्वास ओढला. शीळ आली! तीच, बारीक आणि लांब.

"काय बाबा, उस्ताद माझ्यात आले का आता? बाईमाणसाला पाहून लाजले नाहीत?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. उस्तादांच्या मास्कमध्ये नवी चकती घालून तो मी भावाच्या तोंडाला लावला. त्यानं श्वास घेतला. एकदा, दोनदा, जोरानं. मास्क मुका झाला होता. त्याचे डोळे भरून आले आणि मलाच अपराध्यासारखं वाटलं.

"आत्मा रागावला! निघून गेला!" बाबांनी झोळी आवरायला घेतली.

"थांबा, बाबा. फुलांचं राहिलंच." मी थिनरचा ओला बोळा त्याच मास्कच्या जुन्या डब्यांपाशी धरला. "कसला वास?"

"फुलांचा," भाऊ म्हणाला. मी कापूस उपटून टाकला. तो ठसकला आणि त्यानं मास्क ओढून काढला. "थिनर! सरळ थिनर!" मग नव्या डब्या लावल्या. आता ना फुलं, ना थिनर.

"डबीत कोळसा असतो," मी सगळ्यांना सांगितलं. "तो वाफ शोषतो आणि भरला की संपतो. आपण सुट्टीतही मास्क रंगाच्याच खोलीत टांगतो. आपण जेवत असतो, तेव्हा डबी एकटीच वाफ पीत बसते. वास आला की समजायचं, डबी संपली. बाबांनी वास घालवला नाही, झाकला. विष आत येतच होतं. डबीतूनही आणि त्या फटीतूनही."

बाबा फाटकाबाहेर कधी गेले ते कोणी पाहिलंच नाही. भाऊ ती वाकडी चकती हातात घेऊन बसला होता.

"मग उस्ताद शीळ घालायचे ती, ताई?"

हेच मला त्याला सांगायचं नव्हतं. रात्रभर मी तेच घोकत जागी होते. "चहाच्या वेळी त्यांना शीळ घालताना कधी पाहिलंस? घरी? रस्त्यात?"

त्यानं आठवून पाहिलं. वेल्डरनंही मान खाली घातली. कोणी पाहिलं नव्हतं.

"तोंडावर मास्क असताना माणूस शीळ कशी घालेल रे? तेव्हाही चकतीच वाजत होती. आपण म्हणायचो, उस्ताद खुशीत आहेत. ते म्हणायचे, मला आताशा थिनरचा वासच येत नाही, आणि आपण हसायचो. विष ओढून ओढून त्यांचं नाकच मेलं होतं. फिल्टर मागायला ते महिनोन्‌महिने आले नाहीत आणि स्टोअरमध्ये बसून मीही कधी विचारलं नाही."

जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली, तरी माणसं तिथेच उभी होती.

आता मास्क खोलीबाहेर, धुऊन, झाकणाच्या डब्यात राहतात. फिल्टर वासाची वाट न पाहता ठरल्या दिवशी बदलतात, मागायला कोणी येवो न येवो. मालक कुरकुरले, तेव्हा अख्ख्या खोलीनं हातातल्या स्प्रेच्या बंदुका खाली ठेवल्या. भावाचा हात अजून कधीकधी थरथरतो. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल.

बाबांनो, भुताला भिऊ नका, भूत माणसाला मारत नाही. कडक झालेलं रबर मारतं, भरलेली डबी मारते आणि न विचारलेला प्रश्न मारतो. तुमच्या कामाच्या जागी काही वाजलं, तर हात जोडू नका, उघडून बघा. आम्ही उस्तादांची शीळ कित्येक महिने ऐकली आणि आम्हाला ती आवडायची.