कवळीवाल्यांच्या घरातला देव

मी एक फार जुना देव आहे, मित्रांनो, आणि सध्या बोका आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात, असे तुम्ही विचाराल. मलाही तोच प्रश्न पडतो. सकाळी उन्हात अंग चाटताना मी मध्येच थांबतो आणि विचार करतो की हे आपल्याला शोभते का. मग वर केलेला पाय तसाच वर राहतो आणि घरातली माणसे हसतात.

माझा जन्म कधी झाला ते मला ठाऊक नाही. आठवते तेव्हापासून मी एका टेकडीच्या पायथ्याशी दगडात राहत होतो. मी कशाचा देव होतो हेही आता आठवत नाही. शेतकरी यायचा आणि पाऊस मागायचा. त्याच दिवशी वीटभट्टीवाला यायचा आणि ऊन मागायचा. पाऊस पडला की शेतकरी फुले आणायचा, ऊन पडले की वीटभट्टीवाला आणायचा. मी दोघांचीही फुले ठेवून घेतली. त्यात माझा हात किती होता, ते देवाशपथ सांगतो, मला कधीच कळले नाही.

पुढे माणसे येईनाशी झाली. मग रस्ता रुंद करणारे आले. त्यांचे यंत्र माझ्या दगडाला लागले तेव्हा दगडाशेजारी मांजराचे एक पिल्लू झोपले होते. मी घाईघाईत बाहेर पडलो आणि जवळची उबदार जागा पाहून आत शिरलो. पिल्लाने तक्रार केली नाही. आता आम्ही एकच आहोत. उंदीर दिसला की कोण धावते आणि कोण लाजते, याचा हिशोब मी सोडून दिला आहे.

फिरत फिरत मी एका अरुंद गल्लीत आलो. तिथे एका खिडकीखाली ऊन होते, आणि त्या उन्हात एक म्हातारा उभा राहून नकली दात निरखत होता.

"जरा सरका," मी म्हणालो, "ऊन अडतंय."

"बरं," म्हातारा म्हणाला आणि सरकला. मग आत पाहून त्याने हाक मारली, "सूनबाई, बोलणारं मांजर आलंय."

"बोलू दे," आतून उत्तर आले. "पण टेबलावर चढायचं नाही, सांगून ठेवा."

अशी मला घरात जागा मिळाली. आजोबा चाळीस वर्षे कवळ्या बनवत होते. दातांचे डॉक्टर माणसाच्या जबड्याचा ठसा पाठवत. सूनबाई त्यात प्लास्टर ओतून साचा काढी. मग आजोबा साच्यावर गुलाबी मेण चढवत आणि तापवलेल्या बारीक सुरीने मेणात एकेक दात बसवत. शेवटची घासपूस आणि चकाकी पुन्हा सूनबाईकडे. आजोबांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, दूर बोटीवर कामाला होता आणि वर्षातून एकदा येई. घरात ही दोघे, मी, आणि फळीवर ओळीने हसणाऱ्या कवळ्या.

मी देव आहे हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितले. आजोबा तेव्हापासून मला 'महाराज' म्हणू लागले. सूनबाई म्हणाली, "देव असशील तर पाय पुसून आत येत जा, बोक्या." ते दिवस फार सुखाचे होते. मला दूध मिळे, थट्टा मिळे, आणि कुणी काही मागत नसे.

मग एका सकाळी सूनबाई भाजी आणायला गेली असताना आजोबा माझ्याजवळ खाली बसले. त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. तो थरथरत होता.

"महाराज, आजवर काही मागितलं नाही. एवढंच करा. हिला हे कळू देऊ नका. कळलं तर लेकाला कळवेल, आणि मग दोघं मिळून मला खुर्चीत बसवून ठेवतील. मी काम सोडून काय करू, सांगा?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्या पाठीवर तोच थरथरता हात फिरवला.

त्याच दिवशी दुपारी आजोबा जेवून आडवे झाले. सूनबाई हळूच टेबलापाशी आली. सकाळी आजोबांनी बसवलेले दात वाकडेतिकडे होते. तिने स्पिरिटचा दिवा पेटवला, मेण मऊ केले, एकेक दात काढला आणि नीट बसवला. मी पाहतोय हे लक्षात येताच ती दचकली.

"बोक्या, हे बाबांना सांगायचं नाही. त्यांना कळलं की त्यांचे दात मी परत बसवते, तर त्यांचा धीर सुटेल. तू खरंच देव असशील तर एवढं सांभाळ."

मी पुन्हा मान हलवली. मग खिडकीत जाऊन बसलो आणि माझ्या डोक्याचे पार भजे झाले. तिला वाकडे दात दिसले होते, पण हात थरथरतो हे ठाऊक नव्हते. त्यांना तिचे काम माहीत नव्हते. दोघांनाही एकमेकांपासून लपवायचे होते, आणि दोघांनीही ते माझ्याकडे ठेवायला दिले होते. शेतकरी आणि वीटभट्टीवाला निदान वेगवेगळ्या घरांत राहत होते.

मी माझ्या परीने काम चोख केले. आजोबांच्या हातून चहा सांडला की ते म्हणत, "महाराजांनी धक्का दिला." मी गप्प बसे. साचा फुटला की, "शेपूट लागलं वाटतं." मी शेपटीकडे पाहून खाली मान घाली. आजोबा झोपेतून लवकर उठले तर मी पाण्याची वाटी पाडून आवाज करी, म्हणजे सूनबाईला सुरी खाली ठेवायला वेळ मिळे. सारे घर मला धांदरट म्हणू लागले. इतक्या युगांत मी एवढी मेहनत पहिल्यांदाच करत होतो. दोघांच्याही इच्छा मी पुऱ्या करत होतो, याचा मला अभिमान वाटत होता.

पण मित्रांनो, घरात आनंद काही दिसेना. संध्याकाळी आजोबा तयार कवळी हातात घेऊन म्हणत, "अजून चालतो हो माझा हात." आणि दुसऱ्या दिवशी आणखी अवघड काम मागून घेत. सूनबाईच्या दुपारी त्यामुळे लांबत चालल्या. तिचे डोळे लाल होऊ लागले. आजोबांचा हात महिन्यागणिक जास्त हलू लागला, पण काम छान उतरते आहे म्हटल्यावर ते डॉक्टरकडे कशाला जातील? ज्याने जे मागितले ते त्याला मिळत होते, तरी दोघेही खंगत होती. हे असे कसे होते, ते मला काही केल्या उमगेना.

आणि एक दिवस स्पिरिटचा दिवा उलटला. आजोबांची बाही पेटली. सूनबाईने धावत येऊन ओले फडके टाकले, म्हणून थोडक्यात निभावले. मनगट मात्र भाजले. मलम लावून पट्टी बांधताना तिने विचारले, "कसं झालं हे?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिले नाही. "बोका चढला टेबलावर," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला महाराज म्हटले नाही.

सूनबाई उठली. आतून भाजीची टोपली घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "बस यात. माझ्या बहिणीकडे राहशील. तुझा राग नाही रे, पण आज बाबा गेले असते."

मी टोपलीत बसलो. मला वाटले, आता आजोबा बोलतील. ते पट्टीकडे पाहत राहिले. मला त्यांचा राग आला नाही, त्यांची फार दया आली. आपण गेलो तर पुढच्या वेळी दिवा कुणी उलटवला म्हणून सांगतील, असे माझ्या मनात आले.

दगडात होतो तेव्हा मला तोंड नव्हते. तेव्हा गुपित राखणे फार सोपे होते. आता तोंड होते आणि काय करावे ते कळत नव्हते. देवाने विश्वास मोडायचा की माणसे मोडू द्यायची? मी विचार पुरा केलाच नाही. शब्द आधीच बाहेर पडले.

"मी टेबलावर चढलो नाही. त्यांचा हात थरथरतो. वर्ष झालं. आणि आजोबा, तुमचे दात दुपारी ही परत बसवते. तेही वर्ष झालं."

मग आजोबांचा चेहरा लाल झाला.

"देव समजून सांगितलं होतं तुला," ते मला म्हणाले.

"मीही," सूनबाई म्हणाली.

मी टोपलीच्या तळाशी गेलो. मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग वरून आजोबांचा आवाज आला. तो रागाचा नव्हता.

"सगळे तूच बसवायचीस?"

"सगळे नाही. दाढा तुमच्या बऱ्या असायच्या."

"आणि परवाच्या मास्तरांची कवळी?"

"ती माझी."

"चांगली होती," आजोबा म्हणाले, आणि त्यांना रडू आले. सूनबाईने त्यांचा भाजलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तो तिच्या हातांत थरथरत राहिला. तो लपवायची आता त्यांना गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. लवकर यायला हवे होते, असे डॉक्टर म्हणाले. औषधाने थरथर थोडी कमी झाली, पूर्वीचा हात काही परत आला नाही. ते वर्ष गुपचूप मी सांभाळले होते, मित्रांनो, आणि तेच वाया गेले. आता सुरी सूनबाईच्या हातात असते. आजोबा शेजारी बसून सांगतात, "सुळा थोडा आत घे. माणूस हसला तर खरा वाटला पाहिजे." ती चुकली की ओरडतात, आणि तीही उलट बोलते.

मला त्यांनी घालवले नाही. दूध मिळते. पण दोघांपैकी कुणीही माझ्याजवळ खाली बसून काही मागत नाही. जे काही असते ते टेबलावर एकमेकांना सांगतात. तेव्हा मी अजून देव आहे की नुसताच बोका, हे मला सांगता येत नाही. मी चांगले केले की वाईट, याचाही अजून उलगडा झालेला नाही.

तुमच्या घरी मांजर असेल तर त्याला वेळेवर दूध द्या, त्याच्या पाठीवर हात फिरवा. मात्र जे शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगायचे असते, ते मांजराच्या कानात सांगू नका. ते सगळे ऐकून घेते, मान हलवते, आणि त्याला काही करता येत नाही.