उलट्या पावली आणलेला आरसा

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसावा अशी माझी अपेक्षाही नाही. माझी सख्खी थोरली बहीण, अक्का, समोर मटार सोलत बसली होती, तिलाही मी आधीच बजावलं होतं, "विश्वास ठेवायचा नसेल तर नको ठेवूस, पण मध्ये बोलू नकोस."

"मी कुठे काय बोलतेय?" अक्का म्हणाली. "तू सुरू तर कर. शेंगा संपायच्या आत संपव म्हणजे झालं."

प्रकरण माझ्या अब्रूचं होतं. परवा गाडी मागे घेत असताना शेजाऱ्यांच्या फाटकाचा खांब माझ्या वाटेत आला. खांब आला, मी त्याच्याकडे गेलो नाही, हे नीट ध्यानात घ्या. धाडकन आवाज झाला, शेजारी बनियनवर बाहेर आले, त्यांची बायको बाहेर आली, समोरच्या गॅलरीत माणसं उभी राहिली. जसं काही मी खांब नाही, तोफच उडवली. आणि संध्याकाळी माझ्या पोटच्या मुलीने, जिला मी सायकल शिकवली, स्कूटर शिकवली, हीच गाडी शिकवली, तिने खुंटीवरची किल्ली काढली आणि आपल्या कपाटात कुलपात टाकली.

"बाबा, तुम्हाला आता दिसत नाही," म्हणाली.

मला दिसत नाही! अहो, गच्चीवरून मी दूधवाल्याच्या किटलीत पाणी किती ते सांगतो. मला सगळं दिसतं. दिसत नव्हतं ते त्या आरशाला. गाडीतला आरसा जुना झाला होता, त्याची दांडी सैल झाली होती. गतिरोधक आला की तो मान टाकायचा आणि मागचा रस्ता दाखवायचं सोडून माझंच पोट दाखवायचा. एकदा तर मी माझ्याच पोटाला वाट द्यायला गाडी बाजूला घेतली. अशा आरशाच्या भरवशावर गाडी मागे घेतल्यावर खांब लागणार नाही तर काय हार पडणार आहे गळ्यात?

पण ऐकतंय कोण! मुलगी म्हणे, आता तुमचे जावई सोडतील तुम्हाला, कुठे जायचं असेल तिथे. जावई माणूस चांगला आहे, पण त्याच्या शेजारी बसलं की तो गाडी सुरू करायच्या आधी माझा पट्टा ओढून बघतो. पोत्याचं तोंड बांधलंय का बघावं तसा. बाकीचं आयुष्य मी पोतं म्हणून काढू? शेवटी भांडण इतकं पेटलं की मी म्हणालो, "अक्काला बोलाव. ती म्हणेल ते मला मान्य." मुलगी वस्ताद. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने फोन लावला होता.

तर अक्का आज सकाळी आली, आणि मुलगी कामावर गेली. ती परत यायच्या आत अक्काला माझ्या बाजूला ओढायचं, नाही तर किल्ली गेली ती गेली. अक्काने एकदा शब्द दिला की तो तिच्या नवऱ्यालाही कधी फिरवता आला नाही.

"बोल, बोल," अक्का म्हणाली. "प्रस्तावनेतच निम्म्या शेंगा गेल्या."

तर काल मी ठरवलं की नवा आरसा आणायचा. गाडीच्या सामानाचं मोठं दुकान आहे ना बाजारात, तिथे गेलो. दुकानदार इतका गोड बोलतो की मी मनातल्या मनात त्याचं नाव गुळचट ठेवलं. दुकानात भंगारातल्या गाडीची एक सीट जमिनीवर मांडून ठेवली आहे, समोर सुटं स्टिअरिंग, आणि मागच्या भिंतीवर गाड्यांच्या रांगेचं मोठं चित्र. गिऱ्हाईकाला त्या सीटवर बसवायचं, डोळ्यांसमोर आरसा धरायचा आणि विचारायचं, "दिसतंय ना काका?" चित्रातल्या गाड्या काय, हलतात थोड्याच! त्या दिसणारच. लबाडी ही इथून सुरू होते.

"काका, आजकाल हा चालतो," गुळचट म्हणाला आणि त्याने एक लांबलचक आरसा काढला. मधोमध फुगलेला. जुन्या आरशावरच पंजे अडकवून बसवायचा. "यात सगळं दिसतं."

सगळं म्हणजे किती, अक्का? भिंतीवरचं चित्र दिसलं. गल्ला दिसला. दोन्ही बाजूंच्या फळ्या दिसल्या. दाराबाहेरचा इस्त्रीवाला दिसला. त्याच्या पलीकडची शाळा दिसली आणि शाळेत फळ्यासमोर उभे राहून शिव्या खाणारे मास्तर दिसले. मी जरा मान तिरकी केली तर कोपऱ्यात आपलं स्वयंपाकघर दिसलं आणि माझी मुलगी माझ्या चहातली साखर काढून परत डब्यात टाकताना दिसली. सांगतो काय! इतके दिवस मला वाटत होतं की साखरच अळणी यायला लागली आहे.

"साखर अळणी," अक्का शेंग मोडत म्हणाली.

"मध्ये बोलायचं नाही ठरलं होतं."

पण मुद्दा वेगळाच आहे. एवढं सगळं दाखवायचं म्हणजे प्रत्येक वस्तू बारीक करावी लागते. रांगेतला मालट्रक त्या आरशात काडेपेटीएवढा. मी गुळचटला म्हणालो, "अहो, माझ्या पाठीला ट्रक चिकटला आणि मला वाटलं काडेपेटी आहे, तर मी काय त्याने विडी पेटवू?" तो हसला. मला हसणाऱ्या दुकानदारांची भयंकर चीड आहे. गिऱ्हाईक तक्रार करतंय आणि हा हसतोय!

मग त्याने दुसरा काढला. आरसा नाहीच तो, पडदा होता. मागे कॅमेरा, पुढे पडदा. त्यावर घड्याळ, तापमान, उत्तर कुठे, दक्षिण कुठे, आणि आतून एक बाई बोलते. "सावधान, मागे वस्तू आहे." मी म्हणालो, "सावधान म्हणणारी घरात एक आहे. तेवढी पुरे." पण गुळचट सोडतोय! तो स्वतः माझ्या मागून चालत गेला, पडद्यावर दिसावं म्हणून. आणि काय सांगू अक्का, तो मागून चालत येऊन माझ्या पुढे उभा राहिला, माझ्याशी बोलायला लागला, तरी पडद्यावर तो अजून मागून चालतच होता! म्हणजे आरसा मला शिळा रस्ता दाखवणार. खांब लागून मलमपट्टी होईल आणि मग बाई सांगेल, "सावधान."

माझं डोकंच फिरलं. मी उभा राहिलो आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा ओरडलो, "आरसा मागतोय मी, आरसा! मागे काय आहे ते दाखवणारा! घड्याळ माझ्या मनगटावर आहे, दिशा मला सूर्य सांगतो, आणि उकडतंय हे माझं कपाळ सांगतं. तुमच्याकडे नुसता आरसा आहे की नाही?"

दुकानातले सगळे वळून बघायला लागले. एक बाई गाडीची सुगंधी बाटली हुंगत होती, तिनेही हुंगणं थांबवलं. मग गुळचट खाली वाकला, अगदी तळातल्या फळीखाली हात घातला आणि धुळीने माखलेला एक चपटा, सरळ, काळ्या चौकटीचा आरसा काढला. खाली छोटीशी कळ, मागच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले तर ओढायला. बस्स.

"हा आहे काका. पण हा हल्ली कोणी मागत नाही."

कोणी मागत नाही कारण तुम्ही कोणाला दाखवत नाही! साधी, सरळ, उपयोगाची वस्तू पायाशी लपवायची आणि तमाशे डोळ्यांसमोर टांगायचे. मला इतका संताप आला की तो आरसा मी पुसायच्या आधीच पसंत केला.

"मग घेतलास?" अक्काने विचारलं.

असा कसा घेईन! मी काय चित्रातल्या गाड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस आहे? मी म्हणालो, "हा रस्त्यावर चालवून बघणार."

"गाडी आणलीय का काका?"

"गाडी घरी, दारात आहे. किल्ली मुलीच्या कपाटात आहे. म्हणून मीच चालणार."

आणि चाललो. पाठ घराकडे, तोंड दुकानाकडे, डाव्या हातात आरसा डोळ्यांच्या वर धरलेला, उजवा हात वळण दाखवायला मोकळा. बाजारातून मी उलटा चालत निघालो. गुळचट माझ्या समोर, सरळ चालत, दोन्ही काखांत उरलेले आरसे घेऊन, "काका, निदान फुगीर तरी बघा, काका, पैसे तरी," म्हणत.

अक्का, अशी चाचणी आजवर कोणी केली नसेल. माझ्या मागे भाजीची हातगाडी होती, मी डावीकडे सरकलो. मागे एक कुत्रं झोपलं होतं, मी वळसा घातला. त्याने एक डोळा उघडला, मला बघितलं आणि समाधानाने परत मिटला. एक सायकलवाला घंटी वाजवत आला, मी हात दाखवला, तो थांबला. बस आली. बसवाल्याने मला वाट दिली! अक्का, माझ्या मुलीने जे दिलं नाही ते त्या परक्या बसवाल्याने दिलं. खिडकीतली माणसं टाळ्या वाजवत होती.

चौकात पोलिसाने शिट्टी मारली. "ओ काका! हे काय चाललंय?"

"चाचणी."

"कसली?"

"आरशाची."

त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं, मग गुळचटकडे बघितलं. "आणि हे?"

"हे विमा कंपनीचे," मी म्हणालो.

पोलीस जरा विचारात पडला. मग म्हणाला, "जा, पण मागे जाताना तोंडाने हॉर्न तरी वाजवा. लोकांना कळायला नको?" मी वाजवला. भर चौकातून, पीं पीं करत, कोणाच्या बोटालासुद्धा धक्का न लावता, मी उलटा आपल्या गल्लीत शिरलो. फाटक आलं. उजवीकडे शेजाऱ्यांचा तोच खांब. आरशात तो असा स्वच्छ दिसत होता की त्याच्यावरची मुंगी दिसत होती आणि मुंगीच्या तोंडातला कण साखरेचा आहे हे कळत होतं. मी खांबाला वीतभर अंतर ठेवून उलटा आत आलो, पायऱ्या उलट्या चढलो आणि खुर्चीत बसलो. गुळचटने दारातच कपाळाला हात लावला, पैसे घेतले, आरशाचं खोकं दिलं आणि म्हणाला, "काका, तुमच्यासारखा ड्रायव्हर बघितला नाही."

हे बघ, खोकं इथेच आहे. आरसा आत आहे. हात लावून बघ हवं तर.

अक्काने हात लावला नाही. तिचे हात शेंगांत होते. मी खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला आणि मुद्द्यावर आलो.

"तर अक्का, आता तूच सांग. मला दिसत नाही? बाजार पार केला मी, पाठीने! ज्याला पाठीमागचं एवढं दिसतं त्याला खांब दिसणार नाही? दोष कोणाचा होता? त्या मान टाकणाऱ्या आरशाचा. आरसा बदलला, दोष संपला. संध्याकाळी पोरगी आली की तू एवढंच म्हण, 'किल्ली दे त्याला.' ती तुझ्यापुढे एक अक्षर काढायची नाही. माझ्याशी बोलताना मात्र अशी बोलते जणू मी पाळण्यात आहे! काल मला म्हणाली, 'बाबा, हट्ट करू नका.' हट्ट! स्वतःच्या गाडीत बसायला मागणं हा हट्ट? अगं, वाण्याकडे जायचं तर जावयाला सुट्टी असेल तेव्हा जायचं, दाढी करायला जायचं तर जावयाला सुट्टी असेल तेव्हा जायचं. माझी दाढी काय त्याच्या सुट्ट्या बघून वाढते?"

"नाही वाढत," अक्का म्हणाली. हे ती मनापासून म्हणाली, आणि मला वाटलं, जिंकली बाजी.

"मग? सांगशील ना तिला?"

अक्काने शेवटची शेंग मोडली, दाणे भांड्यात सोडले आणि पदराला हात पुसले.

"सांगेन की. बाजारातून उलटा आलास, मी मानलं. बसवाल्याने वाट दिली, मानलं. पोलिसाने हॉर्न वाजवायला लावला, तेही मानलं. मुंगीसुद्धा मानली."

"मुंगी होतीच."

"असेल. पण बाळ्या, सकाळी फाटकातून आत येताना मी तुझ्या गाडीला चक्कर मारून आले. मागून तिला साधा ओरखडाही नाही. दिवा फुटलाय तो पुढचा, आणि खांबाचा चुना लागलाय तोही पुढच्या नाकाला." तिने भांडं उचललं. "खांब समोर होता रे. तू मागे कुठे जात होतास?"