आगीचं पाणी

या, असे जवळ सरका. कीर्तनाला अजून अवकाश आहे, बुवा वाटेत आहेत. तोवर एक गोष्ट सांगतो. साधीच आहे, पण मनातून जायची नाही.

“ए आसाराम! त्या ड्रमाला हात लावू नगंस!”

“हात तर धुतोय, मावशी.”

“हंड्यातलं घे. ते आगीचं पानी हाय.”

घाटनांदूरजवळच्या माळावर शिरूर कासारकडची ऊसतोड टोळी उतरली होती. बारा कोप्या, म्हणजे झोपड्या, उसाच्या वाळल्या पाचटानं शाकारलेल्या. मधोमध टोळीच्या मावशीचा, मनकर्णाबाईचा, निळा प्लास्टिकचा ड्रम, काठोकाठ भरलेला. नव्या जागी उतरलं की चूल मांडायच्या आधी ती हा ड्रम भरायची, शेजारी बादली ठेवायची आणि बायकांना दरडावून विचारायची, “आग लागली तर पयलं काय काढायचं?”

“मानूस!”

“मंग?”

“जनावर!”

“आन् भांडी?”

“जळू द्यायची!”

अजिनाथ मुकादम खो खो हसायचा. “मावशे, आग काय चिठ्ठी धाडून येनार हाय का?”

“चिठ्ठी धाडीत न्हाई, म्हनून तर भरून ठिवते, मुडद्या!”

एकादशी आली. संध्याकाळी कीर्तन ठरलं होतं. आसाराम मृदंग वाजवायचा, म्हणून तयारीला तो ऊस तोडायला फडावर न जाता मागे राहिला. बाभळीखाली घोटाभर फुफाटा. बुवा उभे राहणार कुठे? सडा हवा. हंडे रिकामे, टँकर चारला येणार. मनकर्णाबाई सरपणाला गेलेली.

देवाचंच काम आहे, आसाराम मनाशी म्हणाला. अन् दोन तासांचा तर प्रश्न. बादली बादली करत त्यानं ड्रम रिता केला. जागा अशी सुरेख शिंपली की त्याचं त्यालाच समाधान वाटलं. मनकर्णाबाई परतली तेव्हा तो मृदंग सुरात आणायला त्याला कणीक लावत होता. सांगावंसं वाटलं. पण म्हातारी ओरडेल, म्हणून गप्प बसला.

तीनच्या सुमारास वारं सुटलं. कुठल्याशा चुलीतली ठिणगी उडाली आणि फडावर गेलेल्या सुनिताच्या कोपीनं पेट घेतला. आत झोळीत तिचं सहा महिन्यांचं लेकरू. मनकर्णाबाई धावली ती थेट ड्रमाकडे. बादली आत घातली.

खाडकन् वाजली ती तळाला.

तो आवाज आसारामनं बाभळीखाली ऐकला आणि मृदंग टाकून तो धावला. तो पोचेपर्यंत म्हातारीनं जळतं पाचट उघड्या हातांनी फाडून वाट केली होती. लेकरू धडधाकट निघालं. तिचे हात मात्र कोपरापर्यंत भाजले.

ड्रमही त्या आगीत वितळला. तो कुणी रिता केला, हे कुणी विचारलंच नाही.

दोन महिने दवाखान्यात काढून ती गावी आली. भेटायला येईल त्या बाईला सांगायची, “चूक माझी हाय गं. त्या दिशी सकाळी ड्रम बघायचा ऱ्हायला माझा. गळत आसंल. तुमी बघत जावा रोज.”

आसाराम भिंतीला टेकून ऐकायचा. चारदा ऐकलं. पाचव्यांदा त्याच्यानं राहवेना.

“मावशी, ड्रम गळत नव्हता. सड्याला म्या घेतलं पानी.”

मनकर्णाबाईनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

“कीर्तनासाठी?”

“व्हय.”

“मंग घ्यायचं व्हतं की. देवाला न्हाई म्हनले असते का रे मी?” तिचा आवाज चढला नाही. “नुसतं सांगायचं व्हतंस, मावशी, ड्रम रिकामा हाय. लेकरू म्या भाईर आनून निजवलं असतं.”

आसाराम तिच्या पायावर कोसळला. पाठीवरून हात फिरवायला ती वाकली खरी, पण भाजलेला हात उचलेना.

आज ती येईल, पुढेच बसेल. मृदंगाला आसारामच आहे. नामघोष सुरू झाला की ती हात जोडते. बोटं आखडलेली, तळवे एकमेकांना भेटत नाहीत. तुमची टाळी वाजेल, तेव्हा तेवढी मनकर्णाबाईची आठवण ठेवा.