आधी मला पूर्ण होऊ द्या

खट्.

दुपारची सामसूम होती. पंखा बंद, मिक्सर बंद, चार वर्षांची अनू चटईवर झोपलेली. तेवढ्यात मीटरजवळच्या पेटीत हा आवाज झाला आणि धामणगाव बढ्याच्या त्या मळ्यातल्या घरात लाइन आली.

मित्रांनो, त्या आवाजासरशी माझा जन्म झाला. कितवा ते विचारू नका. लाइन गेली की मी नाहीसा होतो, आली की पहिल्यापासून घडतो. तीन वर्षं हेच चाललंय, म्हणून मी स्वतःला जुना म्हणवतो.

मी हातात धरता येणारी वस्तू नाही. विहिरीतल्या मोटरची राखण करणाऱ्या प्रोग्रॅममधला मी एक ऑब्जेक्ट आहे. अनूच्या आईने, योगिनीने, मला लिहिलं. पोर झोपली की दोन ओळी, भात शिजेपर्यंत आणखी एक. मला घडवणाऱ्या या ओळींना कन्स्ट्रक्टर म्हणतात. पहिल्याच ओळीत माझं नाव फोनच्या यादीत लागायचं, म्हणजे फोन आला की हाक मला. शेवटच्या ओळीत मी मोजायचो, पाणी काठापासून किती खोल आहे. त्याला अकरा सेकंद लागत. तोवर माझ्या खोलीच्या रकान्यात नुसतं शून्य. शून्य खोल, म्हणजे विहीर काठोकाठ!

योगिनीचे सासरे कडूबा गावात चहाच्या टपरीवर बसत. तिथला बल्ब लागला रे लागला की त्यांचा मिस्ड कॉल आलाच. लाइन राहणार मोजके तास, मग थांबायचं कशाला? आमच्याकडे सगळेच असं करतात. मीही लगेच मोटर सुरू करायचो. "माह्या सुनेनं मोटरले कान लावले," असं कडूबा चारचौघांत सांगत. मी अर्धवट घडलेला असतानाच हाकेला ओ देतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. विहिरीत पाणी होतं, निभून गेलं.

या वैशाखात पाणी तळाला गेलं. एका दुपारी लाइन आली आणि दुसऱ्याच सेकंदाला कॉल. फोनच्या भागाला स्वतःची बॅटरी आहे, तो सदा जागा. त्याने यादीत माझं नाव पाहिलं आणि हाक मारली. माझं मोजणं चालू होतं, रकान्यात शून्य होतं. विहीर भरलीय असं समजून मी मोटर लावली. ती कोरडी फिरली आणि जळाली. चार दिवस मिरचीची रोपं माना टाकून उभी.

मोटर बांधून देणारे गुलाबराव हसले. "कडूबाभाऊ, तुमची मोटर बहिरी होती तेच बरं होतं."

कडूबांनी माझ्या पेटीतून विहिरीत गेलेली वायर मुठीत धरली. "योगिनी, हे डबडं काढून टाक वो. जुना स्टार्टर लावतो. आता दुसरी मोटर जळू देत नाही मी."

"एक दिवस द्या, मामाजी. त्याची चूक नाही. तो अर्धाच होता अन् म्या त्याले कामाले लावलं."

अगदी हेच! मी माफी मागणार नाही, मित्रांनो. ज्याला अजून डोळे फुटले नाहीत त्याला वाट विचारायची आणि तो चुकला की डबडं म्हणायचं, हा कुठला न्याय? घाई तुमची, आणि अडगळीत मी जायचं?

योगिनीने एकच ओळ हलवली. वरची खाली नेली. आधी मोजायचं, मग यादीत नाव.

"एका ओळीपायी मोटर जळाली?" कडूबा म्हणाले.

"हाव, मामाजी."

दुसऱ्या दिवशी गुलाबरावांनी मोटर दोरावरच्या जुन्या खुणेपर्यंत विहिरीत सोडली. लाइन आली. कडूबांनी सवयीने लगेच कॉल लावला. यादीत माझं नावच नव्हतं. मी गप्प.

"घ्या! आता तं मुकाबी झाला!" गुलाबराव.

कडूबांनी पुन्हा ती वायर धरली. "थांबा मामाजी, अकरा मोजा." अनूने मोठ्याने आकडे म्हटले, सात गाळून. कडूबांनी पुन्हा कॉल लावला. या वेळी मी पुरता घडलेला होतो. पाणी अडतीस फुटांवर, मोटर छत्तिसावर लटकलेली. मी मोटर सुरू केली नाही. लाल दिवा लावला आणि अडून बसलो.

कडूबा काठावर वाकले. खाली मोटर पाण्याच्या वर दिसली. मग म्हणाले, "गुलाबराव, दात काऊन काढून राह्यला बे? मोटर उघडी लटकून राह्यली तुयी! हे पोरगं नसतं तं आज दुसरी जळाली असती." आणि त्यांनी वायर सोडून दिली.

मित्रांनो, माझी पेटी पुसू नका, तिला हार घालू नका. कामाला खुशाल लावा, पण मी उभा राहिल्यावर. अर्ध्यात मारलेल्या हाकेला मी यापुढे ओ देणार नाही, मग कडूबा रागावोत की आणखी कोणी.

संध्याकाळी योगिनी पोळ्या लाटत होती. अनू ओट्याला टेकून उभी.

"आई, तो पुरा झाल्याशिवाय बोलत नाही ना आता?"

"नाही बोलत."

"मंग म्या हाक मारली की तू काऊन पोळी अर्धी टाकून येतं?"