वाढत्या अंगाची चाकं

मनोरमा कोचरेकरला नवऱ्याची पाठ दुखते याचं दुःख नव्हतं. पाठ कुणाचीही दुखते. पाठ दुखायला लागल्यापासून तो दिवसभर घरात असतो, याचं दुःख होतं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर नरहरीने एकच शहाणपणाची गोष्ट केली होती. तो रोज सकाळी सायकल काढायचा आणि विरारच्या मनवेलपाड्यातून पूल ओलांडून थेट अर्नाळ्याच्या समुद्रापर्यंत जाऊन यायचा. तेवढा वेळ घर मनोरमाचं. ती गॅलरीत खुर्चीवर पाय वर घेऊन चहा प्यायची, वाचनालयाची कादंबरी वाचायची, भसाड्या आवाजात गुणगुणायची. कुणी विचारणारं नव्हतं, कुणी सुधारणारं नव्हतं. मग नरहरीच्या मणक्यातली गादी सरकली आणि डॉक्टरांनी हॅण्डलवर वाकून सायकल चालवायला जन्माची बंदी घातली.

तेव्हापासून हा गृहस्थ स्वयंपाकघरात शिरला होता. त्याने मसाल्याच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या. मीठ 'मीठ' म्हणून ओळखायला मनोरमाला इतकी वर्षं चिठ्ठी लागली नव्हती. कुकरच्या शिट्ट्या तो घड्याळ लावून मोजायचा. केरवाल्या बाईला झाडू कोणत्या कोनात धरावा हे त्याने करून दाखवलं, तेव्हा बाईने मनोरमाकडे असं पाहिलं, की आता ही काम सोडते. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात चहात साखर किती हे कळलं नाही, तो आता घर चालवणार होता. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पण पोहरा मात्र दिवसभर आपटत होता.

अशात त्याला फोनवर ती सायकल दिसली. बसायला चक्क आरामखुर्ची, पाय पुढे, पेडल पुढे, आणि माणूस निवांत मागे रेललेला. पाठीवर भार नाही, वाकणं नाही. डॉक्टरांनीही हो म्हटलं. मनोरमाने फोटो पाहिला आणि तिच्या मनात आलं, की आळशी माणसाने व्यायाम शोधून काढला असता तर तो असाच दिसला असता. पण तिने हसू गिळलं. हसण्यापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागली होती. हा माणूस या सायकलवर बसून घराबाहेर पडला तर तिच्या सकाळी तिला परत मिळणार होत्या. नाही पडला, तर मरेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या.

या सायकली जवळच्या गास गावात फ्लॉईड तुस्कानो नावाचा एक इंजिनिअर बनवायचा. जहाजावरची नोकरी सोडून त्याने घरामागे शेड टाकली होती. आतापर्यंत तीन सायकली विकल्या होत्या आणि त्यातली एक सख्ख्या मामाने घेतली होती. मनोरमाने त्यालाही पाहताक्षणी मनातून उतरवून टाकलं. इतकं गोड बोलणारा माणूस तिने फक्त पॉलिसी विकताना पाहिला होता. त्याने नरहरीला 'अंकल, अंकल' करत सगळं समजावलं. पुढचं चाक लहान घ्यायचं, म्हणजे बैठक खाली येते, थांबताना दोन्ही पाय जमिनीला लागतात. शिकणाऱ्या माणसाला पाय टेकण्याचा भरवसा हवा. मागचं चाक मोठं असलं तरी चालेल.

नरहरीने शेडमधलं ते लहान चाक बोटाने फिरवून पाहिलं आणि नाक मुरडलं. असली चाकं दुधाचे दात पडायचे असतात त्या वयाला ठीक, असं तो म्हणाला. शिवाय विरारचे खड्डे. लहान चाक खड्ड्यात गेलं की आतच राहणार. आपल्याला दोन्ही चाकं मोठी. फ्लॉईडने एकदा मान डोलावली, एकदा हलवली आणि शेवटी म्हणाला, की ॲज यू लाईक, अंकल. गिऱ्हाईक जाईल या भीतीने त्याने तोंड मिटलं. मनोरमाने नाही बोलायचं असं ठरवूनच ठेवलं होतं, म्हणून तीही बोलली नाही.

पण तिला ठाऊक होतं हे खड्ड्यांमुळे नाही. हे वाढत्या अंगाचं होतं. नरहरीच्या आईने त्याला लहानपणी सगळं वाढत्या अंगाचं घेतलं. सदरे गुडघ्यापर्यंत, चपलांतून टाच बाहेर येईना, आणि बापाची मोठी काळी सायकल, जिच्यावर तो नळीखालून पाय घालून कैची मारत शिकला. त्यात चूक काही नव्हती, घराघरात तसंच होतं. पोरं वाढतात. पण नरहरीची ती सवय वाढ थांबल्यावरही थांबली नाही. लग्नातले बूट त्याने एक माप मोठे घेतले आणि आत कापूस घालून सप्तपदी चालला. मुलगा हर्षवर्धन पुण्याला गेल्यावर, घरात दोन माणसं उरल्यावर, याने सात लिटरचा कुकर आणला. असू दे, म्हणाला, लागतं. कोणाला लागतं? पाच फूट दोन इंचांचा हा माणूस बासष्टाव्या वर्षीही आपण अजून थोडे वाढू या हिशोबाने जगत होता.

सायकल आली ती जेवणाच्या टेबलाएवढी उंच. सोसायटीच्या आवारात नरहरी तिच्यावर चढला तेव्हा गॅलऱ्या भरल्या. मनोरमा आपल्या गॅलरीत दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभी राहिली. खाली तो रेलून बसला होता, आणि त्याच्या बुटांची टोकं जमिनीला जेमतेम शिवत होती. फ्लॉईड बैठक मागून धरून सांगत होता, की मान टेकवा, खांदे सोडा, हॅण्डल ओढू नका, लांब बघा. नरहरीने एक पाय पेडलवर ठेवला, दुसऱ्याने रेटा दिला आणि तो जागच्या जागी एका स्कूटरवर कलंडला. मग दुसरीवर. मग जास्वंदीच्या कुंडीवर. उतारावर पडला, सपाटीवर पडला, आणि एकदा तर सायकल उभी असताना पडला.

दर वेळी तो उठायचा, कपडे झटकायचा आणि कारण द्यायचा. हवा कमी आहे. आवाराला उतार आहे. ही स्कूटर कुणी इथे लावली? नाचता येईना अंगण वाकडं, हे माहीत होतं मनोरमाला. पण अंगणाची इतकी बारकाईने तपासणी करणारा नाचरा तिने पहिल्यांदा पाहिला. दर वेळी उठताना तो वर गॅलरीकडे बघायचा. ती तिथेच असायची. तिने एक अक्षर काढलं नाही, आणि त्याचं तिला स्वतःला कौतुक वाटलं.

आठवडाभराने नरहरीने सायकल जिन्याखाली नेऊन टेकवली आणि जाहीर केलं की हा सगळा प्रकार भंपक आहे. आपण घरीच चालत जाऊ, हॉल ते बेडरूम. आणि आता वेळ आहेच, तर उद्यापासून माळा आवरायला घेऊ.

माळा. घरात तेवढी एकच जागा उरली होती, जिथे काय कुठे ठेवलंय हे फक्त तिला माहीत होतं. मनोरमाच्या हातातला डाव खाली आला.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही आता वाढणार नाही."

नरहरीला काही कळलं नाही.

"उंचीने म्हणतेय मी. नखं वाढतील. पाय नाही वाढणार. जेवढे आहेत तेवढ्यांना पुरेल असं चाक घ्या, आणि जा एकदाचे."

अंथरूण पाहून पाय पसरावे, असं माणसं शहाणपण म्हणून सांगतात. तिने ते दगड मारावा तसं सांगितलं. नरहरी त्या दिवशी जेवला नाही आणि दुसऱ्या दिवशी बोलला नाही. ते दोन्ही तिने आनंदाने सहन केलं. तिने स्वतःच फ्लॉईडला फोन केला आणि फटकारलं, की तुम्हाला दिसत होतं ना, मग तोंडात मूग का धरलेत? फ्लॉईडने सॉरी आंटी म्हणत पुढचं चाक दांड्यासकट बदललं, लहान बसवलं, बैठक खाली उतरवली. नरहरीने मुकाट्याने बसून पाहिलं. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. तो बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत राहिला, जणू ते नवीन घेतले होते.

आता आवारात नको, असं फ्लॉईडने सुचवलं. रविवारी सकाळी त्याच्या मामाच्या टेम्पोत सायकल टाकून ते चांदीप गावाकडे गेले. मनोरमाही टेम्पोत चढली. या तमाशाला अजून किती दिवस लागणार, ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. भात कापून झाला होता. दोन्ही बाजूंना नुसते सड उरले होते, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, मधून डांबरी रस्ता, आणि रहदारी म्हणाल तर एखादी म्हैस. पडायला स्कूटर नव्हती, कुंडी नव्हती, उतार नव्हता. मनोरमा रस्त्याच्या कडेला दगडावर पदर सावरून बसली.

नरहरी निघाला. चाक डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, आणि त्याने दोन्ही पाय टेकले. पडला नाही, एवढंच. पुन्हा निघाला. तिच्यासमोरून जाताना त्याचे खांदे कानांपर्यंत चढले, मान बैठकीवरून सुटली, हाताने हॅण्डल छातीशी ओढलं आणि सायकल सरळ सडांमध्ये उतरली. फ्लॉईड धावला. अंकल, मान, मान टेकवा. पुन्हा तेच. पुन्हा सडांत. मनोरमाने दगडावरचं बूड सरकवलं आणि त्या सकाळी पहिल्यांदा तोंड उघडलं. चाक तर लहान झालं, ती म्हणाली, आता काय रस्ता रुंद करून आणू?

नरहरी सडांमधून उठला नाही. तिथेच बसून राहिला, गुडघ्याला माती, मनगटावर खरचटलेलं. फ्लॉईड सायकल उचलायला पुढे झाला तर त्याने हातानेच थांबवलं. मग मान वर करून मनोरमाकडे पाहिलं.

"तू बघतेस ना, म्हणून जमत नाही."

मनोरमा हसली. आवार झालं, हवा झाली, स्कूटर झाली, आता बायको.

"हस," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "हा म्हणतो अंग सोडा. तुझ्यासमोर मला अंग सोडता येत नाही, मनोरमा. लग्न झाल्यापासून नाही आलं. तुला काय वाटलं, मी रोज उठून अर्नाळ्याला कशाला जायचो? समुद्र बघायला?"

फ्लॉईड चाकाचे आरे तपासायला लागला, जणू ते पहिल्यांदाच दिसले होते.

मनोरमाला आधी राग आला, आणि तो अगदी खरा राग होता. याला, या माणसाला, तिच्यापासून सुटका हवी होती? सहन केलं ते तिने. चिठ्ठ्या, शिट्ट्या, कापूस घातलेले बूट, सगळं तिने सहन केलं. त्या सकाळी तिच्या होत्या. आणि हा म्हणतो त्या याच्या होत्या. तो मुलूखभर सायकल दामटत होता ते त्याच दोन तासांसाठी, ज्यांत ती गॅलरीत पाय वर घेऊन बसायची. इतके दिवस दोघं एकाच वेळी सुटकेचा श्वास सोडत होते, आणि तिला वाटत होतं की श्वास फक्त तिचाच कोंडतो.

ओठांवर चार उत्तरं आली. चारही चांगली होती. पण तो उठून टेम्पोत बसला असता, घरी आला असता आणि माळ्यावर चढला असता. तिने चारही गिळली आणि दगडावरून उठली.

"मी बघत नाही," ती म्हणाली. "चालवा."

ती रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. समोर कापलेलं शेत, पलीकडे डोंगर. नजरेला काम नव्हतं. मागे सायकल उचलल्याचा आवाज झाला, मग फ्लॉईडचं पुटपुटणं. साखळी करकरली, थांबली. पुन्हा करकरली, थांबली. मनोरमाच्या मानेला कळ लागली, इतकी तिला वळायची सवय होती. पुन्हा साखळी. या वेळी ती थांबली नाही. टायरचा डांबरावरचा बारीक आवाज तिच्या पाठीमागून गेला, सरळ, डगमग नाही, आणि लांब होत गेला. फ्लॉईड ओरडत मागे पळाला. मग त्याचाही आवाज लांब गेला आणि रस्त्यावर ती एकटी राहिली.

जिंकली होती ती. उद्यापासून सकाळी तिच्या. तिने तो आनंद शोधून पाहिला. होता, नाही असं नाही. पण तो कुणाच्या तरी आनंदाच्या शेजारी पडलेला निघाला आणि त्यामुळे तिला तो हातात घ्यावासा वाटेना. घरातून आपण निघून जावं असं माणसाला वाटतं, ते कोण घरात आहे म्हणून वाटतं, हा विचार तिने नरहरीबद्दल हजार वेळा केला होता. स्वतःबद्दल एकदाही केला नव्हता.

बऱ्याच वेळाने लांबून हाक आली. नरहरी तिचं नाव घेऊन ओरडत होता, मोकळ्या गळ्याने, तशी हाक तिने त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. बघ, म्हणत होता. आता बघ. टायरचा आवाज जवळ यायला लागला.

वळायला हवं होतं. वळण्याआधी चेहरा नीट करावा म्हणून मनोरमाने प्रयत्न केला. ओठ हलवून पाहिले, भुवया खाली घेतल्या, डोळे जरा मोठे केले. पण चुका मोजणाऱ्या त्या नेहमीच्या चेहऱ्याखेरीज त्याच्याकडे बघायचा दुसरा कुठलाच चेहरा तिला येईना. सायकल अगदी जवळ आली, तो हाका मारतच होता, आणि ती तशीच शेताकडे तोंड करून उभी राहिली.