राणीचा शाप

रोमबाहेरच्या माळावर जुलैचं ऊन पांढरंफटक पेटलं होतं. शुभ्र स्तंभ, शुभ्र सोपान, शुभ्र सिंहासन. आणि सारं प्लास्टरचं. नखानं टोकरलं तरी भुगा पडायचा.

या भुसभुशीत नगरीचा विधाता ओत्ताव्हिओ फेरांदी. अकरा वर्षांत एकोणीस चित्रपट: पिळदार वीर, पांढुरक्या हडळी, धुळीतले घोडेस्वार. पटकथाही त्याचीच, म्हणजे अर्धीमुर्धी. चित्रण मुकं चाले. नटांनी कॅमेऱ्यापुढे नुसते आकडे म्हणायचे, ओठ हलले की झालं. शब्द मागाहून, आवाज मागाहून, आणि तोही बहुधा परक्याचा. असला हा निर्लज्ज गृहस्थ, आणि लोक त्याला उस्ताद म्हणत!

देल्फिना मोरुच्ची त्याच्या नऊ चित्रपटांची राणी. नऊ वेळा तिनं आकडे म्हटले, नऊ वेळा तिच्या मुखातून परका कंठ पाझरला. "दहाव्यात तुझाच आवाज," असं त्यानं वचन दिलं होतं. त्या वचनावर तिनं वर्षभर रियाजात गळा घासला.

दहाव्या चित्रपटात राणी शाप देते, त्या प्रसंगाच्या सकाळी तिला कळलं, आवाजासाठी दुसरी बाई केव्हाच ठरली होती.

"मोज, देल्फिना," फेरांदी छत्रीखालून म्हणाला. "एक ते वीस. जरा रागानं."

तिनं मोजलं नाही. रक्तवर्ण वस्त्रात, रक्तवर्ण डोळ्यांनी ती त्याच्याकडे पाहत बोलली, "ओत्ताव्हिओ, तू चोर आहेस. माझा गळा चोरलास. तुझं नावसुद्धा कुणाच्या ओठावर राहू नये."

"छान!" तो म्हणाला. "पुढचा शॉट."

त्या 'छान'ची मला अजून चीड येते.

ऑक्टोबरात, त्याच चित्रपटाच्या दुपारच्या खेळाला, ती मागच्या रांगेत एकटी बसली. पडद्यावर तिचाच चेहरा पेटला, ओठ थरथरले, आणि त्या धगधगत्या ओठांतून मधाळ, परका, आज्ञाधारक स्वर ओघळला, "नाथ, तुमचे सारे अपराध मी पोटात घातले." प्रेक्षागृह मुसमुसू लागलं.

देल्फिना उभी राहिली. खरबरीत, राकट, सर्वस्वी स्वतःच्या आवाजात, पडद्यावरच्या ओठांबरोबर तिनं माळावरचा तोच शाप उच्चारला. अक्षराला अक्षर जुळलं, श्वासाला श्वास जुळला.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी डोळे पुसत मागे वळली.

"गप्प बस गं बाई! राणी बोलतेय ना."

देल्फिना थांबली नाही. पडद्यावर ओठ, अंधारात कंठ. कंठ आणि ओठ, ओठ आणि कंठ. आणि दोहोंच्या मधे वीस रांगा माणसं राणीसाठी रडत होती.