अकरावं नख

माझी जीभ एक दिवस मला गोत्यात आणणार, असं धाकटा भाऊ लहानपणापासून म्हणत आलाय. त्याच्याच मुलीच्या जन्माच्या दिवशी ते खरं झालं.

बाळाच्या डाव्या हाताला दोन अंगठे होते. मी आनंदाच्या भरात बोलून गेले, "अगं बाई, ही तर आमच्या लॅबमधलीच दिसते!"

माझं काम असं की कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडायची आणि आतल्या गर्भाला पंखाचा कोंब फुटला की त्याच्या पुढच्या कडेला मोहरीहून बारीक मणी खोचायचा. मणी एका प्रथिनात भिजवलेला असतो. पेशींना त्यातून निरोप मिळतो, बोटं करा. पंखाच्या आतही बोटं असतात, आणि एरवी हा निरोप मागच्या कडेकडून येतो. दोन्हीकडून आला की बिचाऱ्या दोन्हीकडे बोटं करतात. म्हणून मला गंमत वाटली. भावजय हसली नव्हती, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

तीन महिने झाले. भर उन्हाळ्यात बाळाच्या त्या हाताला मोजा. मी खाली त्यांच्याकडे गेले की भावजय बाळाला घेऊन आतल्या खोलीत. शेवटी भाऊच वर आला.

"ताई, पाचव्या महिन्यात ती तुझ्या लॅबमध्ये आली होती ना, पिल्लाचं हृदय बघायला? तासभर बसली होती. तिला वाटतं, त्यामुळेच झालं. रोज रडते गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी दोन फोटो घेऊन मी खाली गेले.

"हा पंख बघ. कोंब असतानाच मणी ठेवलेला. बोटं मोज."

"सहा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"आणि हा? मणी तोच, पण पाच दिवस उशिरा ठेवलेला."

"तीन."

"पिल्लाच्या पंखाला तीनच असतात. तोवर बोटं ठरून गेली होती. मग कितीही निरोप धाडा, पेशी ऐकत नाहीत."

आता तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि माणसाची कधी ठरतात?"

"दुसऱ्या महिन्यात. तू आलीस पाचव्यात. तेव्हा ही आत अंगठा चोखत असेल. कुठला, ते मला विचारू नकोस."

तिला हसू फुटलं, पण लगेच डोळे भरले. "मग दुसऱ्या महिन्यात मी काय केलं, ताई?"

"ओकत होतीस, दुसरं काय! अगं, हा निरोप एरवी करंगळीच्या बाजूने येतो; हिच्या अंगठ्याकडच्या थोड्या पेशींनीही तो दिला, इतकंच. मी हातही न लावलेल्या अंड्यांत असं दोनदा झालेलं पाहिलंय. तुझं काही चुकलं नाही. चुकलं माझं. त्या दिवशी मी तोंड आवरायला हवं होतं."

तिने बाळाला मांडीवर घेतलं. मग तिने मोजा काढला. जास्तीच्या अंगठ्याचं नख वाढून वाकलं होतं.

"दहा नखं मी कापते," ती म्हणाली. "याला हात लावायचा धीरच होत नाही. तुम्ही कापता? तुमचा हात स्थिर असतो."

अकरा वर्षांत मणी ठेवताना माझा हात कधी हलला नव्हता. आता नेलकटर हातात घेतलं, तर तो थरथरायला लागला. भावजयीने माझं मनगट धरलं, आणि आम्ही दोघींनी मिळून ते अकरावं नख कापलं.